गोड पाण्याची टाकी

“विचारू नको, पाखड!”

अकोल्याच्या एका डाळ मिलमधल्या मुकादमाचा तो आवाज ज्योत्स्नाच्या कानात अजून तसाच होता. तिची आई इंदूबाई तिथं तूर पाखडायची. “दादा, तुरीले तेल काऊन चोळता?” असं तिनं एकदा सहज विचारलं, त्याचं हे उत्तर. इंदूबाई पुन्हा बोलली नाही. सुपाशीच गुणगुणली,

सुपा रे माह्या सुपा, दाणे राखले तू किती,
धन्याच्या मनामंधी फोलकटाचीच भरती.

त्या मायची लेक आता भातकुलीजवळच्या महिला डाळ मिलची अध्यक्ष होती. राबणाऱ्या बाया, मालकही त्याच. ज्योत्स्नानं आल्या आल्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं, ‘येतं ते शिकवा, येत नाही ते विचारा.’ अमरावतीच्या मेळाव्यात तिनं याच ओळीवर भाषण केलं, टाळ्याही मिळाल्या.

रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी ती सगळ्यांना अंगणात बसवी. “बोला बायांनो, काल कोणाचं काय चुकलं? काय नवं समजलं?”

बाया पदराशी चाळा करत. एखादी जांभई देई.

“तोंडात तूर भरली काय सगळ्याइच्या?” ज्योत्स्ना चिडायची.

“ताई, आधी तुमीच सांगा नं तुमचं,” शकुनबाई एकदा म्हणाली. शकुन मिलमधली सगळ्यांत जुनी. बाया हसल्या, ज्योत्स्नाही हसली, आणि बोलणं तिथंच विरलं.

मशीनचा पट्टा कधी सैल करायचा ते एकीलाच ठाऊक, कोणत्या तुरीला कोणती चाळणी ते दुसरीलाच. जिला येई ती सांगत नसे. का सांगावं? वार्षिक सभेत शाल मिळे ती ‘हिच्यावाचून मिल अडते’ अशा बाईला, आणि ती शाल पांघरवायची खुद्द ज्योत्स्ना. भिंत एक बोलत होती, शाल दुसरं. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या विद्येच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्या घरची लेक खुर्चीवर बसली. कुलूप मात्र तेच राहिलं, किल्ली तेवढी दुसऱ्या हातात गेली. ज्योत्स्नाला हे दिसत नव्हतं. ती नुसती वैतागायची. भाकरी थापतानासुद्धा तिचा हात रागानं पडायचा.

मग भावना आली, परतवाड्याची. नवरा सोडून गेलेला, पदरात एक मुलगी. तिला तूर भिजवायच्या कामावर लावलं. ही मात्र विचारायची.

“मावशी, दोन टाक्या काहून व?”

“एक बोअरची, खारी. ते धुण्यापुसण्याची,” शकुन म्हणाली. “दुसरी नळाची, गोड. तूर भिजवाची ते गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यातली डाळ चुलीवर जलमभर ठेव, टणकची टणक.”

खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक चुलीला हे ठाऊक. मेळघाटाच्या पायथ्याकडून आलेल्या भावनाला नवं होतं. तिनं ते पदराला गाठ मारावी तसं जपलं. महिनाअखेरीला तिला कायम करायचं ठरलं. त्या भरवशावर तिनं मुलीला आणून इथल्या शाळेत घातलं.

अशात नळ आटला. दिवस गेले, पाणी येईना. अकोल्याचे व्यापारी खुशालराव मालासाठी खोळंबलेले, आणि ‘आमची डाळ गोड्या पाण्याचीच’ असं ज्योत्स्नानं त्यांना छातीठोक सांगितलेलं. संध्याकाळी बाया पांगल्यावर तिनं शकुनला बोलावलं.

“गोड्या टाकीत बोअर सोड. अन् कोणाले सांगू नको. उगाच बोभाटा होते.”

शकुननं कॉक फिरवला. प्यायचं पाणी बाया घरूनच आणत, त्यामुळं टाकीतल्या पाण्याची चव कोणी पाहिली नाही. सकाळी भावनानं शिकवल्याप्रमाणं गोड्या टाकीतूनच घागरी भरल्या.

डाळ अकोल्याला गेली, आणि माल परत आला. मागोमाग खुशालराव.

“ताई, गिऱ्हाईक डाळीच्या गंजा-भांड्यासकट दुकानात येऊन भांडून राह्यलं! कुकर शिट्ट्या मारून मारून थकला. ही डाळ हाय का गोट्या?”

“नवीन बाई हाय भिजवाले,” ज्योत्स्नाच्या तोंडून निघून गेलं.

“मंग काढा तिले. तिले काढलं तरच पुढचा माल उचलतो.”

तिथंच अंगणात सभा बसली. खुशालराव खुर्चीत, बाया खाली, भावना उभी.

“खारं पाणी घेतलं असन तिनं.”

“परतवाड्यावालीले काय समजते खारं अन् गोड!”

“मी गोड्या टाकीतलंच घेतलं वं बाई,” भावना म्हणाली.

“मंग डाळ काय रुसली होती तुह्यावर?”

हशा पिकला. ज्योत्स्नाला संताप आला, हसणाऱ्यांचा, नळाचा, मान खाली घालून बसलेल्या शकुनचा. एवढ्या बायांत एकीच्याही तोंडून खरं निघू नये! आणि त्या बायांत स्वतःला धरायचं ती विसरली होती.

भावना ज्योत्स्नासमोर आली.

“ताई, काढाचं तर काढा. पोरगी शाळेतून आली का तिले सांगतो मी. पण एवढं शिकवा मले, माहं चुकलं काय? दुसरीकडं कामाले लागली तर तिथं तरी नाई चुकणार.”

रोज सकाळी याच अंगणात ज्या प्रश्नाची ज्योत्स्नानं वाट पाहिली, तो आज कोणीतरी विचारला होता, नोकरी जाता जाता.

शकुननं मान वर केली. ओठ हलले, आणि सवयीनं मिटले. ती ज्योत्स्नाकडं बघत राहिली.

“सांगा नं, ताई,” भावना पुन्हा म्हणाली.

“आता काय शिकवता तिले? गाडी उभी हाय माही,” खुशालराव उठू लागले.

“बसा, खुशालराव.” ज्योत्स्ना उभी राहिली. “भावना, तुहं काईच नाई चुकलं. गोड्या टाकीत बोअरचं पाणी म्या सोडाले लावलं होतं. शकुनबाईचं तोंड बी म्याच बंद केलं.”