उपवासाची चाळणी

जिंतूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये धम्मशीलाची नोकरी एका डेमो लेक्चरवर टांगलेली होती. पोरांना फंक्शनल प्रोग्रामिंग कळलं तर नोकरी, नाही तर येलदरीची परतीची गाडी. मागच्या बाकावर क्लासचे मालक महारुद्र सर हाताची घडी घालून बसलेले. याआधीच्या मुलाखती तिच्या नावावरून घरादारावर घसरल्या होत्या आणि ‘कळवतो’ म्हणून संपल्या होत्या. त्यामुळं आज घरचा विषय काढायचाच नाही, असं तिनं ठरवलं होतं.

विषय सोपा करायला तिनं जेवण घेतलं. फळ्यावर यादी लिहिली: साबुदाणा, भगर, कांदा, कोथिंबीर, मासे. वळून बघते तर वर्ग कसानुसा झालेला. श्रावणी सोमवार! पोरं उपाशी, सरांच्या कपाळाला भस्म, आणि ही बाई फळ्यावर मासे मांडून उभी.

सावरायचं म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "ही यादी आपण चाळणीतून, म्हणजे फिल्टर फंक्शनमधून काढू. नियम एकच, उपवासाला चालतं का? साबुदाणा?"

"चालतो!"

"कोथिंबीर?"

"चालती की," निकिता म्हणाली.

"आमच्यात न्हाई चालत," पंडित ताडकन बोलला. "आजी तर जिरंबी टाकू देत न्हाई."

झालं! प्रत्येकाला आपापल्या घरचा उपवास आठवला आणि वर्गात नुसता कालवा उठला. सरांनी घड्याळाकडं बघितलं. गेली नोकरी, असं वाटत असतानाच धम्मशीलाला त्या भांडणात धडा सापडला.

"थांबा! चाळणी एकच हाय ना? तिला निकिताच्या घरचा नियम दिला की कोथिंबीर राहती, पंडितच्या घरचा दिला की गळती. चाळणी हे एक फंक्शन, नियम हे दुसरं; फंक्शनच्या हातात दुसरं फंक्शन द्यायचं, ते हेच. आणि फळ्यावरची यादी कुणी पुसली का? न्हाई. चाळून येती ती नवी यादी."

माना हलल्या. सरांचीही हलली.

"मॅडम, आता तुमच्या घरचा नियम द्या की," निकिता म्हणाली.

शेवटी घरचा विषय निघालाच. खोटं बोलून मोकळं होता आलं असतं, पण तिची जीभ वळेना.

"आमच्याकडं उपवास करत न्हाईत. आमचा नियम म्हणजे काहीबी द्या, चालतं."

"मग अख्खी यादी तशीच बाहेर येणार," पंडित विचार करून म्हणाला.

"बरोबर," ती म्हणाली. सरांकडं बघायचं तिनं टाळलं.

तास संपल्यावर सर एवढंच म्हणाले, "उद्यापासून या. डबा आणा, आमी सगळे एकत्रच जेवतो."

स्टँडवर गाडीची वाट बघत तिनं आईला फोन लावला. आईच्या आनंदाला पारावार उरला नाही. "उद्या डब्याला मासे तळून देते!"

"मासे नको, आई."

"मग वांगं करते."

"त्यात सुकट नको टाकू. लसूणबी कमीच घाल."

आई म्हणाली, "बरं. आजून काय काय चालत न्हाई, सांग."