आईचं केळवण

नूतनचं लग्न ठरलं होतं आणि मी केळवण मांडलं तिच्या लेकीचं! फोन नूतननेच केला होता. "अलका, आमच्या घरात लग्न ठरतंय," एवढं ती म्हणाली आणि पुढचं मी तिला बोलू दिलं तर ना! "अगंबाई, मयुरीचं? केळवण माझ्याकडे, येत्या रविवारी," असं सांगून मी ग्रुपवर बातमी टाकूनसुद्धा मोकळी झाले.

सुरतेत एकत्र बी.कॉम. केलेल्या आमच्या मराठी टोळक्याचा हा ग्रुप. सध्या त्यावर कुणाला नात झालेली असते, कुणाचा गुडघा बदललेला असतो. लग्न म्हटलं की ते मुलांचंच, आणि ते ठरलं की पहिलं केळवण ग्रुपचं, हा आमचा रिवाज. बातमी टाकल्याबरोबर अभिनंदनं सुरू झाली. ती वाचून नूतनने म्हणे फोनच बंद करून ठेवला.

तिचा नवरा बन्सीलाल आमच्याच वर्गातला, सगळ्यांचा लाडका. करोनात गेला. लक्ष्मण त्याचा जिवलग मित्र, आजही बन्सीचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जातो.

रविवारी भेस्तानच्या माझ्या फ्लॅटमध्ये सगळे जमले. मी पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी घातली, पुरणपोळ्या केल्या. मयुरीला म्हटलं, "ये गं नवरीबाई, बस." ती आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मासी, पाटावर मम्मी बसणार. लग्न मम्मीचं आहे, मारूं नथी."

नूतन भिंतीला टेकून उभी होती.

"पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवणारे कलर मास्तर आहेत, शालिग्राम नाव," ती म्हणाली. "त्यांचीही बायको गेली. माणूस चांगला आहे. मला एकटीला आता घर खायला उठतं रे. पण तुम्ही बन्सीची माणसं. तुम्हाला पटत नसेल तर मी त्यांना नकार देईन. तसं त्यांना बोलून ठेवलंय मी."

मला असा राग आला! इतकी मोठी गोष्ट हिने लपवली? मग लक्षात आलं, सांगायला मी तिला तोंड उघडू दिलं होतं कुठे? सगळे लक्ष्मणकडे बघायला लागले. नूतनही त्याच्याचकडे बघत होती.

"ते आहेत कुठे?" लक्ष्मणने विचारलं.

"खाली. रिक्षाने सोडायला आले होते. मीच म्हटलं, वर नका येऊ."

लक्ष्मणने चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला. नूतनचा चेहरा पडला. "चल मयुरी," म्हणत तिने पर्स उचलली.

आता मात्र माझं डोकं सटकलं. "जाशील तर बघ!" मी तिला खांद्याला धरून पाटावर बसवलंच. निरांजन लावलं आणि करंडा उघडला. बन्सी गेल्यापासून तिच्या कपाळाला आम्ही कुणी कुंकू लावलं नव्हतं. आज मी लावलं. तिने डोळे मिटून घेतले.

औक्षण चालू असताना लक्ष्मण परत आला. शालिग्रामांचा हात त्याने घट्ट धरला होता. उंच, सडपातळ माणूस, नखांत मिलचा निळा रंग, घामाने शर्ट भिजलेला.

"अलका, नवरदेवाला उन्हात उभं ठेवून कसलं केळवण करतेस? दुसरा पाट मांड."

मी पाट मांडला. शालिग्राम अंग चोरून बसले. वाढायला लक्ष्मणने घेतलं. नूतनच्या भातावर त्याने वरण घातलं आणि शालिग्रामांकडे वळून म्हणाला, "मास्तर, एक सांगून ठेवतो. हिला गुजराती गोड डाळ चालत नाही. बाहेर जेवायला गेलात तर आधी विचारून घ्या. बन्सी दर वेळी विसरायचा आणि शिव्या खायचा."

आता नूतन रडणार, असं मला वाटलं. ती हसली. खूप दिवसांनी, कॉलेजात हसायची तशी मोकळी हसली. आणि लक्ष्मण वरणाचं भांडं हातात घेऊन तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागला.