मी पाठकोरी पत्रिका

मी एक लग्नपत्रिका बोलतेय. आता निम्मीच उरलेय, पण ठसका तोच आहे. उस्मानपुऱ्यातल्या छापखान्यात जन्मले तेव्हा अंगावर सोनेरी गणपती होता. पाहुण्यांनी माझ्यात जेवणाची वेळ तेवढी बघितली. पुढं गणपती कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून मला कपाटावर ठेवून दिलं.

तिथून मला दीपमालाबाईंनी मागून आणलं. त्या पुंडलिकनगरच्या एका शाळेत पहिलीला इंग्रजी शिकवतात. त्यांनी गणपती अलगद कापून जपून ठेवला आणि माझ्या कोऱ्या पाठीवर जाड पेनानं तीन इंग्रजी अक्षरं काढली. ‘मॅट’. चित्र मात्र काढलं नाही. मला ते खटकलं. नटायची सवय ना!

वर्गात राजनंदिनी होती. इंग्रजीचं पुस्तक घडाघडा म्हणायची. एकदा बाईंनी पुस्तकातलं चित्र हातानं झाकलं आणि पोर अडलीच. सगळं पाठ होतं, वाचता एक शब्द येत नव्हता.

तिची आई, करुणाताई, शाळेत आल्या. “बाई, तिला इंग्लिश झेपत नाय. गावाकडं आजीपाशी ठेवते, तिथल्या शाळंत.”

राजनंदिनीनं आईचा पदर मुठीत धरला. तिला जायचं नव्हतं.

“दिवाळीपर्यंत थांबा,” बाई म्हणाल्या.

मग रोज आमची शिकवणी. अक्षरांची नावं नाहीत, नुसते आवाज. बाई माझ्यावर बोट ठेवायच्या, म्, अ‍ॅ, ट्. राजनंदिनी म्हणायची, पण तीन आवाज तीन दिशांना. मला वाटायचं, अगं, जोड की!

सुट्टीच्या आधी करुणाताई दाखला न्यायला आल्या. बाईंनी मला राजनंदिनीपुढं धरलं. तिचे ओठ नुसतेच हलत राहिले. माझा जीव टांगणीला लागला. मग ती एकदम म्हणाली, “चटई!”

करुणाताईंनी कपाळाला हात लावला. “बघा! इंग्लिश इचारलं तर मराठी सांगती.”

बाईंना हसू आवरेना. “अहो राजनंदिनीच्या आई, यावर चित्र कुठंय? वाचल्याशिवाय तिला चटई कळली कशी?”

करुणाताईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. मागं कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त, बाकी काही नाही. त्यांनी लेकीला जवळ ओढलं. दाखल्याचं पुन्हा बोलल्या नाहीत.

बाईंनी मला राजनंदिनीच्याच घरी देऊन टाकलं. माझे कोपरे मऊ पडलेत, अंगाला पीठ लागलंय. तुमच्याही कपाटांवर माझ्या बहिणी पडून असतील, त्यांना शाळेत धाडा. दीपमालाबाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

काल भाकरी थापता थापता करुणाताई माझ्याकडं बघत म्हणाल्या, “म्... अ‍ॅ... फुडं काय गं?”

“सांगणार नाय,” राजनंदिनी म्हणाली आणि तिनं आईचं पिठाचं बोट धरून माझ्या शेवटच्या अक्षरावर ठेवलं. “तूच वाच.”