सतराव्या ओळीतला कप्पा

"कालची आलेली, आणि आज आपल्याच घरात आपल्याला कुलूप लावतेय."

हे वाक्य तिच्यासाठी नव्हतं. सासूबाई पीठ मळता मळता थोरल्या मुलाला म्हणाल्या, तेही हळू आवाजात. पण स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यामध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. पडद्याआड फळीवर लॅपटॉप ठेवून धाकटी सून उभी होती. तिचं बोट मध्येच थांबलं.

ज्या कुलपावरून हे बोलणं चाललं होतं ते मला लावलेलं होतं. म्हणून पुढचं मीच सांगतो.

मी एक कप्पा बोलतोय. कपाटातला नव्हे, फडताळातलाही नव्हे. मला ना लाकूड, ना कडी. संगणकावरच्या एका शीटमध्ये चार बारीक रेघांच्या आत मी राहतो. रकाना चौथा, ओळ सतरावी. माझा जन्म झाला तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि हातावरची मेंदीसुद्धा पुरती गेली नव्हती.

या घराचा धंदा डब्यांचा. मागच्या मोठ्या स्वयंपाकघरातून एका शाळेत रोज एक्केचाळीस डबे जातात. कोणत्या मुलाला काय चालत नाही हे आधी सासूबाईंच्या डोक्यात असायचं, आणि उरलेलं तेलकट डागांच्या एका वहीत. "आमच्या आईच्या डोक्यात सगळं असतं," असं तिचा नवरा अभिमानाने सांगायचा. तिने मात्र पाहिलं, की आई एकच गोष्ट सकाळपासून तीनदा विचारतात. मग एका दुपारी तिने वही समोर घेतली आणि आम्हाला बनवलं. अनुक्रमांक, नाव, इयत्ता, आणि शेवटचा आमचा रकाना: 'काय चालत नाही'.

माझी बहुतेक भावंडं रिकामी आहेत. रिकामं राहण्यासारखं सुख नाही. आम्हा पाच जणांवर मात्र काहीतरी लिहिलेलं होतं, आणि माझ्यात लिहिलं होतं, "काजू नको. एक कणही नाही." दुसरं वाक्य तिचं नव्हतं. मुलीच्या वडिलांनी फोनवर ते ज्या आवाजात सांगितलं, त्यामुळे तिला ते गाळता आलं नाही.

मुलगी पहिलीत होती. या घरात तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. दूध नको असेल त्या डब्यावर निळी टिकली लागायची, अंडं नको तर पिवळी, काजू नको तर लाल. लाल एकच. म्हणून स्वयंपाकघरात मुलीचं नावच 'लाल टिकली' पडलं होतं. "लाल टिकलीचं बाजूला काढलंस का गं?" असं दर बुधवारी सासूबाई विचारायच्या, कारण बुधवारी सूप असायचं आणि ते घट्ट व्हायला त्यात काजू वाटून घालायचे. एकदा रिकाम्या डब्यातून एक चिठ्ठी आली. त्यात पुढचे दोन दात पडलेला एक हसरा चेहरा काढलेला होता आणि कपाळावर मोठी लाल टिकली. ही शीट स्वयंपाकघरातल्या टॅबवरही उघडायची, त्या टॅबच्या कव्हरात धाकट्या सुनेने ती चिठ्ठी सरकवून ठेवली. माझ्या पाठीशीच म्हणा ना.

आमची शीट सामाईक. सामाईक म्हणजे गावची विहीर: पाणी सगळ्यांचं, आत पडलेली बादली कोणाचीच नाही. मी माणसं बोटांवरून ओळखतो. सासूबाईंचं बोट पिठाचं, ते एका गोष्टीसाठी दोनदा दाबतं. थोरल्या दिरांचा, म्हणजे दादांचा, अंगठा इतका रुंद की एका वेळी तीन कप्पे झाकतो. धाकट्याचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, बोट कधी लागतच नाही. तो नुसता बघून जातो. घरातही त्याचं तसंच आहे.

एका सकाळी दादांनी ओल्या फडक्याने टॅब पुसला. टॅब उघडाच होता. फडकं माझ्यावरून फिरलं आणि माझ्यातलं सगळं जाऊन तिथे नुसते 'ककककक' उरले. डबे बंद व्हायला दहा मिनिटं होती. तिच्या नजरेला ते पडलं. तिने माझी अक्षरं परत लिहिली तेव्हा तिची बोटं गार होती.

जेवताना ती म्हणाली, "तो रकाना बंद करू का? म्हणजे चुकून कोणाचं बोट लागायला नको."

कोणी मान वर केली नाही. या घरात गप्प राहणं म्हणजे होकार की नकार, हे तिला अजून कळायचं होतं. तिने होकार धरला आणि दुपारी आमचा अख्खा रकाना बंद केला. शीट तिच्या खात्यावर बनलेली, त्यामुळे बदल करायची मुभा फक्त तिला. पुढे ती नावांचा रकाना बंद करणार होती, मग इयत्तेचा. नावांवर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून ते वाक्य आलं.

त्यावर दादा म्हणाले, "उद्या मिठाच्या बरणीलाही लावेल. मग बसा चाटत."

"हळू बोल रे," सासूबाई म्हणाल्या, पण हसल्या.

तिने लॅपटॉप मिटला. पडदा सारून ती आत आली आणि म्हणाली, "आई, भांडी घासायला घेऊ?"

असं अर्धं कुलूप लागलं. मी आत, माझ्या शेजारचं नाव बाहेर.

खोटं कशाला बोलू, मला त्या कुलपाचा गर्व झाला होता. आता माझं कोणी काही बिघडवू शकत नाही, असं वाटायचं. आणि ते खरंच होतं. त्या दिवसापासून माझ्यातलं एक अक्षरही कोणी बदललेलं नाही. तेच तर सांगायचंय.

लग्नानंतर पहिल्यांदाच ती दोन दिवस माहेरी गेली होती. मंगळवारी दुपारी दादा उद्याच्या टिकल्या काढायला बसले. नावं शाळेत दाखल झाल्याच्या क्रमाने होती आणि एकेक शोधताना ते वैतागले. सगळी शीट नावांच्या अक्षरांप्रमाणे लावायची म्हणून त्यांनी हुकूम सोडला. शीटने नकार दिला.

"बघा आई! म्हणतंय, हा भाग सुरक्षित आहे, तुम्हाला परवानगी नाही. माझ्या स्वयंपाकघरात मला परवानगी नाही!"

"तिला फोन कर ना. सांगेल ती."

"एवढ्याशासाठी तिच्या विनवण्या करू? राहू दे. मी बघतो."

त्यांनी बघितलं. बंद रकाना सोडला, नुसती नावं आणि इयत्ता निवडल्या आणि तेवढ्यांनाच क्रम लावला. यावेळी शीटने हू की चू केलं नाही. कुलूप मला होतं, मला कोणी हातही लावत नव्हतं. माझ्या शेजारून ती पहिलीतली मुलगी उठली आणि चौतिसाव्या ओळीत जाऊन बसली. तिच्या जागी चौथीतला एक दणकट मुलगा आला, ज्याला दगडही पचला असता. नाव आणि इयत्ता एकत्र हलल्यामुळे वरवर काहीच चुकलेलं दिसत नव्हतं.

मी ओरडायला हवं होतं. पण कप्प्याला वेगळा आवाज नसतो. त्यात जे लिहिलंय तेवढंच तो बोलतो. मी बोलतच होतो: काजू नको, एक कणही नाही. फक्त आता ते त्या मुलाबद्दल होतं.

बुधवारी सकाळी सासूबाईंचा हात एकदा थांबला. सांगायलाच हवं, कारण त्यांनाच तेवढं जाणवलं. "अरे, लाल टिकली या पोराला? लाल टिकली म्हणजे ती मुलगी ना?"

"शीटमध्ये आहे ना तसं? मग तसंच लावा. नाहीतर बाईसाहेब येऊन म्हणतील, कोणी हात लावला."

सासूबाईंनी डाव उचलला आणि सूप वाढलं.

साडेबाराला शाळेतून बाईंचा फोन आला. मुलीने सुपाचे चारच चमचे घेतले होते आणि तिला दवाखान्यात हलवलं होतं. त्याच सुमाराला धाकटी सून माहेरची पिशवी हातात घेऊन दारात उभी होती. पिशवी तिने खाली ठेवलीच नाही. तशीच टॅबकडे आली, मला उघडलं, माझ्या शेजारचं नाव वाचलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरा फोन आला. मुलगी गेली होती.

आज चार दिवस झाले, चुली थंड आहेत. एक्केचाळीस डबे ओट्यावर पालथे घातलेले आहेत. उद्या सकाळी अन्न खात्याची दोन माणसं चौकशीला येणार आहेत आणि त्यांच्याबरोबर मुलीचे वडील. नावं अजून चुकीच्याच ओळींत आहेत. ती सरळ करायची हिंमत कोणाला झालेली नाही. मी अजून त्या दणकट मुलाच्या शेजारी उभा आहे.

आत्ता या घडीला चौघं स्वयंपाकघरात बसलेत. दादा ओट्यावर डोकं टेकून आहेत. ते वाईट नाहीत. गेले चार दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरलेला नाही आणि त्यांची स्वतःची दोन लेकरं पलीकडच्या खोलीत चिडीचूप आहेत.

सासूबाई तिला म्हणताहेत, "तू नवीन आहेस, बाळ. तुला कोणी फार बोलणार नाही. शीट तूच बनवलीस, चुकून झालं म्हणावं. त्याच्या लेकरांकडे बघ."

नवरा नखं कुरतडतोय. "नाहीतर काढूनच टाक ना ती शीट. तुझ्या खात्यावर आहे, तुलाच काढता येते. मग कोणी कोणाचं नाव घ्यायला नको."

म्हणजे उद्या मी असेन की नाही, ते तिच्या एका बोटावर आहे. माझ्या पोटात एक यादी आहे, कोणी कधी काय बदललं त्याची. तिने ती पाहिली आहे: मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं, स्वयंपाकघराचा टॅब. मला पुसलं तर तीही पुसली जाईल.

मी जीव वाचवण्यासाठी बनलो होतो आणि मला ते जमलं नाही. आता माझं एकच मागणं आहे. मला राहू द्या. जे माझ्यात लिहिलं होतं ते खरं होतं, आणि ज्या माणसाने ते त्या आवाजात सांगितलं त्याला एकदा तरी ते बघू द्या. आणि वाचणाऱ्यांनो, जपायच्या गोष्टीला कुलूप लावाल तेव्हा तिच्या शेजारी कोण बसलंय तेही बघा.

ती उठली आहे. टॅबच्या कव्हरातून तिने ती चिठ्ठी काढली आहे आणि ओट्यावर, दादांच्या हाताजवळ ठेवली आहे. चार महिन्यांत या घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजापेक्षा वर गेलेला कोणी ऐकला नव्हता. आता ऐकताहेत.

"क्रम दादांनी बदलला. कुलूप मी लावलं, आणि अर्धंच लावलं, कारण त्या दिवशी पडद्यामागे मी उभी होते, आई. तुम्ही काय म्हणाल याला मी भ्याले. माझ्या वाट्याचं मी उद्या सांगणार आहे. दादांच्या वाट्याचं त्यांनी सांगावं. त्यांनी नाही सांगितलं, तर मी सांगेन. शीट मी काढणार नाही. ती मुलीच्या वडिलांसमोर उघडणार आहे, आणि सतरावी ओळ मी स्वतः त्यांना वाचून दाखवणार आहे."