झिजलेलं हरीण

संग्रहालयातल्या सातव्या कपाटात बंदुकीची नुसती कळ होती. बंदूक कुठे गेली ते देव जाणे. गारगोटीने ठिणगी पाडून बार उडवणारी जुनी कळ, तिच्यावर चांदीचा पत्रा आणि पत्र्यावर कोरलेली शिकार: एक घोडेस्वार, एक हरीण, दोन कुत्रे. हे नोंदवहीत. प्रत्यक्षात घोडेस्वार गुळगुळीत मैदानात एकटाच धावत होता.

वस्तूंच्या देखभालीचं काम इथल्याच जुन्या शिपायाच्या लेकीकडे येऊन चारच महिने झाले होते. तिने जुने फोटो टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यात सगळे हजर. दहा वर्षांनी एक कुत्रा गायब, मग दुसरा. मग हरीण, आधी शिंगं, मागून बाकीचं.

अहवालात शेवटचा रकाना होता, ‘हानीचं कारण’. कारण तिला तोंडपाठ होतं. तिचे बाबा इथे एकतीस वर्षं शिपाई होते आणि दर शनिवारी पॉलिश लावून ही कळ घासायचे. साहेबांनी दोनदा पाठ थोपटली होती, ते बाबा अजून येईल त्याला सांगत. खरं लिहावं तर बाप गुन्हेगार, खोटं लिहावं तर कामाशी बेइमानी. तिने ‘हवामान’ असं लिहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात तिचा विसरलेला मोबाइल द्यायला बाबाच आले. फोटो बघत बराच वेळ उभे राहिले.

“म्हणजे हरीण खरंच गेलं होतं होय? मला वाटलं, माझेच डोळे गेले. दोनदा चष्म्याचा नंबर बदलला गं मी.”

“आणि मग?”

“मग काय, नीट दिसावं म्हणून आणखी जोरात घासलं.”

त्यांनी अहवाल ओढून घेतला.

“हवामानाने काय घोडं मारलंय?”

“असू दे ना बाबा. तुमचं नाव नको त्यात.”

“का नको? कपाट करणाऱ्या सुताराचंसुद्धा नाव आहे तुमच्या वहीत. माझं दाखव कुठे आहे ते.”

तिने वही चाळली. एकतीस वर्षांत एकच नोंद होती: ‘शिपाई, एक’. तिने हवामान खोडलं.

“पूर्ण लिही. माझ्या वडिलांच्या नावासकट.”

रकाना अरुंद होता. आडनाव समासात गेलं. बाबांनी ते दोनदा वाचलं.

“हात लावू नकोस,” ते म्हणाले, “वाळू दे.”