मुक्या बातमीपटातलं बोलणं

झिला ऑर्मरॉडने सकाळी पायरी घासून तिच्या कडा दगडाने पांढऱ्या केल्या, आणि मग दिराच्या डोक्यावर आपल्या मेलेल्या नवऱ्याची टोपी चढवली.

"वहिनी, घट्ट होते," एनॉक म्हणाला.

"डोकं मोठं आणि आत भुस्सा. ओढ खाली."

नवरा जोनास फेब्रुवारीत छातीच्या दुखण्याने गेला होता. मुलगा सिरिल तेव्हा ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढत होता, आणि त्याला यातलं काही कळवायचं नाही असं झिलाने ठरवलं होतं. असलं काही ऐकलेला माणूस नको त्या वेळी मान वर करतो, आणि गोळी वाटच बघत असते, एवढंच तिचं म्हणणं. गल्लीतल्या बायकांनाही तिने दम भरला होता. सून विनीने एकदा तोंड उघडून पाहिलं. पण त्या घरात झिलाने ठरवलं म्हणजे ठरलं. तेव्हापासून विनी नवऱ्याला लिहायची, बाबा बरे आहेत, खोकतात, कबुतरांना शिव्या देतात.

आता लंडनहून हा कॅमेरावाला येऊन टपकला. गावच्या पलटणीसाठी सरकार एक बातमीपट काढत होतं. युद्धाच्या बातम्या पोरांना पुरे झाल्या होत्या, आता घरच्या दाखवायच्या. प्रत्येक कुटुंबाने आपल्या दारात उभं राहायचं, आणि पोरं तिकडे झाडांना चादर बांधून ते बघणार. दारात बाप दिसला नाही तर सिरिलला कोणी काही सांगायची गरजच उरली नसती. म्हणून एनॉक. उंची तीच, खांदे तेच, दाराच्या आत सावलीत उभा केला की झालं.

"आवाज घेत नाही हां मावशी," कॅमेरावाला म्हणाला. कोवळा पोरगा, बूट चकचकीत. "ओठ हलले की बास. आणि हसा."

यंत्र कुरकुरायला लागलं. झिला हसली, विनी हसली. तेवढ्यात एनॉकला आपणही सिनेमात असल्याचा साक्षात्कार झाला आणि तो सावलीतून एक पाऊल पुढे आला.

"मागे हो, मुडद्या," झिला हसता हसता म्हणाली. "जोनास मेला तेव्हासुद्धा तुझ्यापेक्षा जिवंत दिसत होता."

एनॉक मागे सरकला. यंत्र थांबलं. कॅमेरावाला खूश.

समोरच्या दारातून मिसेस शॉरॉक रस्ता ओलांडून आली. तिने आणि झिलाने गावच्या कापडगिरणीच्या साचेखात्यात शेजारी शेजारी माग चालवण्यात जन्म काढला होता.

"झिला, तू काय बोललीस ते मी माझ्या पायरीवरून वाचलं."

झिलाचं हसू तिथंच गोठलं. साचे खडखडायला लागले की कानाला काही काम उरत नाही. गिरणीत सारं बोलणं ओठांनी चालायचं, मोठाले ओठ करून; भांडणं, लग्नं, चहाड्या, सगळं. त्या सवयीची बाई घरी कुजबुजली तरी ओठ फाकवूनच कुजबुजते. सिरिल साचेखात्यातच वाढलेला. आणि पलटण कुठली? अर्धी याच गिरणीची.

"पोरं हसतील आधी," मिसेस शॉरॉक हळूच म्हणाली. "मग त्याच्याकडे बघतील."

झिला कॅमेरावाल्याकडे गेली. "तेवढा तुकडा काढून टाक. मी त्यात नको ते बोललेय."

"मावशी, त्याला आवाजच नाही."

"तुझ्यासाठी नाही."

त्याला काही उमगलं नाही. "कापाकापी लंडनला होते. हवं तर पुन्हा घेतो, थोडी फिल्म आहे. दोन्हींतलं जास्त हसरं ते ठेवतील. रडकी तोंडं पलटणीला पाठवायची नाहीत, हुकूमच आहे तसा."

घरात विनी ओट्याला टेकून उभी होती. झिला म्हणाली, "या खेपेला तोंड मिटून हसते. मिटलं."

"मिटलं तर मिटलं," विनी म्हणाली. "आई, दर आठवड्याला मी मेलेल्या माणसाचा खोकला लिहिते. मागच्या वेळी मी त्यांना कफाचं औषधसुद्धा दिलं."

एनॉक मध्येच चुळबुळला. "वहिनी, मी टोपी घालू की..."

झिलाने त्याच्याकडे पाहिलं. बारीक नजरेने, बराच वेळ. टोपीखाली दुसराच माणूस होता. बापाचं तोंड ओळखायला सिरिलला ओठ वाचावे लागले नसते.

तिने टोपी काढून घेतली. "तू परसात जा. कबुतरांना दाणे टाक."

ती पायरीवर एकटी उभी राहिली, टोपी दोन्ही हातांत धरून.

"हसा मावशी," पोरगा म्हणाला.

झिला हसली. कवळी दिसेल इतकी हसली. लग्नातसुद्धा इतकी हसली नव्हती. आणि ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करत, साच्यांच्या खडखडाटात बोलावं तशी बोलली.

"सिरिल. तुझे बाबा गेले. फेब्रुवारीत. मी जवळ होते. विनीला बोल लावू नकोस, मीच लिहू दिलं नाही. तुझं नाव घेत होते. मान खाली ठेव, राजा. मान खाली ठेव."

समोर मिसेस शॉरॉकने ॲप्रन तोंडाला लावला. पुढच्या दारांतल्या बायका वेण्या-बिण्या सावरत आपल्या पाळीची वाट बघत होत्या, त्या एकेक करून गप्प झाल्या. गल्लीत एकट्या यंत्राची कुरकुर राहिली.

"वा मावशी," कॅमेरावाला म्हणाला. "आता हेच ठेवतील. पोरांना बघून किती बरं वाटेल."

यंत्र थांबलं. झिलाचं तोंड मात्र तसंच राहिलं, दात विचकलेलं. विनीने तिला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावलं, तेव्हाही ते मिटलं नव्हतं.