हात न लावता

चिमणी घरात आहे की नाही, हे मावशींना दारातल्या बुटांवरून कळायचं. पांढरे बूट जागेवर, तर लेक झोपलेली. पांढरे गायब, तर दवाखान्यात. पांढरे जागेवर पण लाल गायब, तर जिममध्ये. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे गेलं वर्षभर मावशींनी लेकीला धड उभं असलेलं क्वचितच पाहिलं होतं. दिसायचा तो जाड पडद्याआड, भर दुपारी, पांघरुणाखाली झोपलेला एक ढीग. ढिगाला भूकही भलत्या वेळी लागायची. जिममधून आली की उभ्याउभ्या अंडी सोलून खायची आणि म्हणायची, "आई, आज पाठीचा दिवस होता." जणू बाकीच्या दिवशी पाठ घरी ठेवून जात होती.

मावशी हे नाव त्यांना वसतिगृहाच्या स्वयंपाकघराने दिलं होतं. सगळी हयात तिथे मोठाली पातेली उतरवण्यात गेली. निवृत्त झाल्या तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि लेक चिमणी झाली ती जन्मतःच. घाई करून आलेली, साखरेच्या पुडक्यापेक्षा जराशी जड. कापसात गुंडाळून ठेवलेल्या त्या जिवाला हात लावायची मावशींना भीती वाटायची, आणि न लावायची त्याहून जास्त.

हे जिमचं खूळ शिरलं ते एका आजोबांमुळे. चिमणी वॉर्डात मदतनीस होती. आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवताना त्यांचे पाय गळले. चिमणीने त्यांना कवेत धरलं, पण धरवेना. आजोबा सावकाश खाली घसरले आणि मनगट मोडलं. कुणी तिला बोल लावला नाही. उलट आजोबांनीच प्लास्टरच्या हाताने तिची समजूत काढली. पण चिमणीने आपणहून चादरींच्या खोलीत बदली मागितली आणि त्याच आठवड्यात लाल बूट आणले.

"माझ्या स्वतःच्या वजनाएवढा लोखंडी बार छातीवरून वर ढकलेन, कुणाचाही हात न लागता," ती म्हणाली होती, "त्या दिवशी वॉर्ड परत मागेन. तोवर नाही."

मावशींना चादरींची खोली फार आवडली होती. चादर निसटली तर तिचं मनगट मोडत नाही. चादर रात्री स्वप्नातही येत नाही. तेव्हा त्यांनी मनातल्या मनात ठरवलं, घालू दे घाम. कुणी स्वतःला उचलू शकतं का?

मग जिमच्या ट्रेनरचा खांदा निखळला. जिममध्ये नव्हे, बाथरूममध्ये साबणावरून घसरून. चिमणीच्या मागे उभं राहायला दुपारच्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

"आई, माझ्या मागे उभी राहशील?"

"मागे उभी राहून काय करू? वारा घालू?"

"काही करायचं नाही. तेच तर अवघड आहे."

जिम म्हणजे गॅरेजच्या वरची लांबट खोली. रबराचा आणि घामाचा वास, एका भिंतीला पारा उडालेला आरसा. ट्रेनर गळ्यात हात अडकवून स्टुलावर बसला होता. त्याने मावशींकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काकू, बार अडकला तर उचलावा लागेल. जमेल?"

मावशींनी कोपऱ्यातली वजनाची सगळ्यात मोठी लोखंडी प्लेट दोन्ही हातांनी उचलली, वाकून बेंचखाली पाहिलं आणि प्लेट तशीच हातात धरून विचारलं, "इथे झाडू कोण मारतं रे?"

ट्रेनरने स्टूल बाजूला सरकवून वाट दिली.

चिमणीने जॅकेट काढलं. मावशी मागे उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना आधी पाठ दिसली, आणि त्यांनी आ वासला. खांद्याची हाडं, जी लहानपणी अंघोळ घालताना हाताला टोचायची, ती कुठे गेली? तिथे आता भरलेलं, घट्ट, जिवंत काहीतरी होतं. तिने हात मागे नेला तसं ते कातडीखालून सरकलं, पाण्याखालून मोठा मासा जावा तसं. हे सगळं आपल्याच घरात, आपणच उकडलेल्या अंड्यांवर, पडद्याआड झोपून वाढलं. आणि आपल्याला फक्त बूट दिसत होते.

चिमणी बाराखाली बेंचवर आडवी झाली. "आई, तोंड मीट. आणि हात बाराखाली धर. खाली, टेकवायचे नाहीत. मी 'घे' म्हणाले किंवा बार खाली यायला लागला, तरच धरायचा."

त्या दिवशी बार हलका होता. शेवटच्या खेपेला तो अर्ध्यावर रेंगाळला आणि मावशींची दोन बोटं, त्यांना न विचारता, वर गेली. बार वर गेला. मावशी खूश झाल्या.

चिमणी उठून बसली. "लावलीस ना बोटं?"

"छे! नुसती लागली असतील. वाऱ्यासारखी."

"मला कळतं गं. मग तो माझा राहत नाही."

"काय बाई! एवढी चादरींची गाठोडी वाहतेस, तेव्हा कुणी बोट लावलं तर गाठोडं तुझं राहत नाही का?"

चिमणी हसली, पण डोळे हसले नाहीत. मावशींना ते दिसलं.

त्यानंतर त्या रोज उभ्या राहिल्या. हात शिवशिवायचे. त्यांनी ओठ चावायला सुरुवात केली. त्याने बोटं जरा ऐकायची.

मग ती दुपार आली. वॉर्डात एक जागा रिकामी झाली होती आणि सिस्टर संध्याकाळी नाव ठरवणार होत्या. चिमणी नाइट करून, जेमतेम झोपून आली होती. डोळ्यांखाली काळं, चेहरा उतरलेला. मावशींना वाटलं, आज नाही जमणार. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं.

ट्रेनरने काट्यावर तिचं वजन पाहिलं आणि तेवढ्या प्लेटा मोजून बारला लावायला सांगितल्या. बार थोडा वाकल्यासारखा दिसत होता. चिमणी बेंचवर आडवी झाली. वर मावशींचा चेहरा, तिला उलटा दिसणारा.

"आई, श्वास घे. मला मेलं ओझं उचलायचंय, तुला नाही."

बार खाली आला. छातीला टेकला. वर निघाला, आणि अर्ध्यावर थांबला.

पूर्ण थांबला. चिमणीच्या दंडांवरच्या शिरा उभ्या राहिल्या, मान लाल झाली, डावा हात थरथरू लागला. ट्रेनर स्टुलावरून उठला. मावशींचे तळवे बाराखाली होते, इतके जवळ की लोखंडाचा गारवा लागत होता. 'घे' ती म्हणत नव्हती. बार खालीही येत नव्हता.

तेवढ्यात मावशींच्या मनात ते आलं. दोन बोटं. बार वर जाईल, कुणी पडणार नाही, कुणी रडणार नाही. चिमणीला कळेल, ती सिस्टरना फोन करणार नाही, आणि उद्या निवांत चादरींच्या घड्या घालेल. माया म्हणतात ती हीच ना? लेकीचा जीव टांगणीला लागलाय आणि आई मदत करतेय. कोण नाव ठेवेल?

त्यांनी खाली पाहिलं. चिमणी बाराकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत, राग नव्हता. कापसातून असंच बघायची ती, डोळे पुरते उघडतही नव्हते तेव्हा. डॉक्टर मान हलवून गेले होते आणि ही आपली एकेक श्वास ओढत होती. तेव्हाही मावशी काही करू शकल्या नव्हत्या. ते सगळं तिचं तिने केलं होतं.

मावशींनी ओठ चावला. तळवे तिथेच राहिले. रिकामे.

बार हलला. इतका हळू, की आधी वाटलं भास झाला. मग केसभर. मग बोटभर. चिमणीच्या घशातून एक आवाज निघाला, जो मावशींनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, पण स्वतःच्या तोंडून एकदा ऐकला होता, ती जन्मली त्या दिवशी. कोपर सरळ झाले. लोखंड खणकन खोबणीत बसलं.

ट्रेनर दुखरा खांदा विसरून टाळी वाजवायला गेला आणि कळवळून खाली बसला.

"आई," चिमणी धापा टाकत म्हणाली, "हात काढ आता."

मावशींनी पाहिलं तर हात अजून तसेच पसरलेले होते, बार नव्हता त्या जागी.

मग चिमणीने तिथेच, बेंचवर बसून फोन लावला. "सिस्टर, माझं नाव वॉर्डला टाका." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती हसली आणि म्हणाली, "हो, आता धरेन."

फोन संपेपर्यंत मावशी बाहेर जिन्यात येऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि झाकण फिरवायला गेल्या. फिरेना. आख्खं वसतिगृह जेवेल एवढी पातेली उतरवलेले हात लटलट कापत होते.

चिमणी शेजारी येऊन टेकली. तिचा दंड त्यांच्या दंडाला लागला. कढत होता, भट्टीवरून नुकत्याच उतरलेल्या भांड्यासारखा.

"उघड गं हे," मावशी म्हणाल्या. "मी फार दमले."